उघडलेली बाटली मुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती संग्रहांविषयी आलेल्या लेखात व्हिस्की आणि रमच्या बाटल्यांबद्दल ‘जितक्या जुन्या तितक्या उत्तम, म्हणून घाई न करता जपून ठेवाव्यात’ असा सल्ला दिला आहे. लेख एरवी वाचनीय आहे, परंतु हा सल्ला बूच काढलेल्या बाटल्यांना लागू पडत नाही, आणि घरातल्या संग्रहात बहुतेक बाटल्या बूच काढलेल्याच असतात. वीसेक वर्षे मी असा संग्रह बाळगला आणि गेले चौदा महिने तो संपवण्याच्या उद्योगात आहे. त्या अनुभवावरून चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

गैरसमजाचे मूळ मला ‘मुरणे’ या आपल्या क्रियापदात दिसते. बरणीत घातलेला पदार्थ बरणीतच मुरतो, त्यामुळे बाटलीत भरलेले मद्यही बाटलीतच मुरत असणार, असे आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात व्हिस्की आणि रम मुरतात त्या लाकडी पिंपात. स्कॉच व्हिस्कीला कायद्यानेच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे ठेवावे लागते. त्या काळात लाकडातून रंग आणि गंध उतरतात, लाकडाच्या छिद्रांतून हवा आत-बाहेर करते, आणि स्कॉटलंडच्या थंड हवेतही दरवर्षी सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. या घटीला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. उष्ण प्रदेशातल्या रमच्या गोदामांत हे देवदूत याहून बरेच अधिक पितात. द्रव काचेत भरला, की हे सगळे थांबते. बाटलीवर ‘१२ वर्षे’ असे छापलेले असेल, तर तिच्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीने पिंपात तेवढा काळ काढला, इतकाच त्याचा अर्थ. ती बाटली कपाटात आणखी ३० वर्षे राहिली, तरी आतली व्हिस्की १२ वर्षांचीच राहते. म्हातारे होते ते फक्त लेबल.

बंद बाटली बिघडत नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याचा एक विलक्षण दाखला उपलब्ध आहे. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९०७ ते १९०९ च्या अंटार्क्टिका मोहिमेने केप रॉइड्स येथील आपल्या झोपडीखाली मॅकिन्ले व्हिस्कीची काही खोकी मागे सोडली होती. शतकभर बर्फात गाडली गेलेली ही खोकी २०१० मध्ये बाहेर काढण्यात आली. त्यांतल्या व्हिस्कीची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा तिच्यात ४७.३ टक्के मद्यार्क शाबूत असल्याचे आढळले. शंभर वर्षांत ती सुधारली नव्हती आणि बिघडलीही नव्हती. भरली तेव्हा जशी होती, जवळजवळ तशीच होती. पण ती बंद होती आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत होती. आपल्या कपाटातली, तीनदा उघडून पुन्हा बूच दाबलेली बाटली त्या पंक्तीत बसत नाही.

बूच निघाल्यावर काय होते, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण सारी गोम तिथेच आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर उरले असतील, तर उरलेली ६५० मिलिलिटरची जागा हवेने व्यापलेली असते. व्हिस्कीचा जो गंध आपल्याला मोहवतो, तो हलक्या, चटकन उडणाऱ्या द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये वरच्या मोकळ्या जागेत साठतात आणि दर वेळी बूच काढले, की निघून जातात. त्यांच्या जागी ताजी हवा येते, आणि तिच्यातला प्राणवायू उरलेल्या द्रवाशी सावकाश खेळत बसतो. मद्यार्कही पाण्याच्या आधी उडतो. म्हणजे द्रव जितका कमी आणि हवा जितकी जास्त, तितकी उतरण वेगाची. भरलेल्या बाटलीत वर्षभरात न जाणवणारा बदल तळाशी उरलेल्या चार घोटांत काही महिन्यांतच जाणवू लागतो. विशेष जपून ठेवायचे म्हणून आपण मागे ठेवतो ते नेमके हेच चार घोट.

या नियमाला एक सुखद अपवाद आहे. पाणी न मिसळता पिंपातून थेट भरलेली, ५५ ते ६० टक्के मद्यार्काची व्हिस्की उघडल्या दिवशी पुष्कळदा अंगावर येते, आणि बाटलीचा खांदा रिकामा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तीच गोड बोलू लागते. थोडी हवा तिला मानवते. म्हणून पहिल्या घोटावरून बाटलीविषयी मत बनवू नये, असे जाणकार सांगतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. मात्र ही सुधारणा काही आठवड्यांची असते. तिच्या भरवशावर वर्षे काढणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

ती माझ्या पदरी कशी आली, ते सांगतो. स्कॉटलंडच्या सखल भागातील रोजबँक नावाची डिस्टिलरी १९९३ मध्ये बंद पडली. तिथली व्हिस्की तीनदा गाळलेली, हलकी आणि फुलांच्या वासाची म्हणून ओळखली जाई. तिची एक बाटली मला मिळाली होती. ती उघडली, तीन भाग आनंदाने संपवले आणि चौथा भाग ‘योग्य प्रसंगासाठी’ मागे ठेवला. पुढच्या सात वर्षांत प्रसंग अनेक आले, पण एकही पुरेसा योग्य वाटला नाही. अखेरीस एका जुन्या मित्राच्या भेटीत, पुष्कळ प्रस्तावना करून, मी ती काढली. बुचाचा अर्धा भाग माझ्या हातात आला आणि अर्धा चुरा होऊन आत पडला. गाळून ओतलेल्या त्या द्रवात फुले नव्हती. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि लाकडाचा कडवटपणा तेवढा उरला होता. मित्र सभ्य असल्यामुळे ‘छान आहे’ म्हणाला. यात डिस्टिलरीचा काडीचाही दोष नाही. उलट तिथे ३० वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा व्हिस्की गाळली जाऊ लागली. जे परत येणार नाही असे समजून मी जपले, ते परत आले, आणि जे हातात होते, ते मीच घालवले.

त्या रात्री मी कपाट रिकामे करून मोजदाद केली. उघड्या बाटल्या २६ निघाल्या, त्यांत १७ व्हिस्कीच्या आणि ९ रमच्या. पट्टी लावून अंदाज घेतला, तेव्हा एकूण द्रव सुमारे ७ लिटर भरला. आता ‘संपवणे’ हा शब्द ऐकताच काहींच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यासाठी थोडे गणित मांडतो. सरासरी ४३ टक्के मद्यार्क धरला, तर ७ लिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे ३ लिटर होते. ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये घालून दिलेली मर्यादा आठवड्याला १४ युनिट आहे, आणि एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. त्या हिशेबाने माझ्या कपाटात सुमारे ३०० युनिट, म्हणजे एका माणसाची, दुसरा थेंबही न घेता, एकवीस आठवड्यांहून अधिक काळाची कमाल मर्यादा उभी होती. ही मर्यादाही सुरक्षिततेची हमी मुळीच नाही. मद्य हे कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटातील द्रव्यांत मोडते, आणि आरोग्यास पूर्णतः निर्धोक असे त्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

मी स्वतः आठवड्यातून एकदा ६० मिलिलिटर घेतो. त्या गतीने ७ लिटर संपायला सव्वादोन वर्षे लागली असती, आणि तोवर निम्म्या बाटल्यांचे रोजबँक झाले असते. माझा वेग वाढवणे हा उपाय नव्हता. भांड्यात उरले म्हणून पोटात ढकलण्याची आपली सवय मद्याच्या बाबतीत तरी घातकच म्हणावी लागेल. तेव्हा माणसे वाढवली. आवड असलेले तीन स्नेही दर पंधरा दिवसांनी येऊ लागले, चौघांत मिळून २४० मिलिलिटर संपू लागले, आणि त्या बेताने साधारण सत्तावन्न-अठ्ठावन्न आठवड्यांत कपाट रिकामे व्हावे असा हिशेब बसला. अट एकच ठेवली, की जुन्या तीन बाटल्या संपल्याशिवाय नवी उघडायची नाही. ही अट मी आतापर्यंत दोनदा मोडली आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

संपवण्याला क्रम हवा, आणि तो बाटलीच्या किमतीवर किंवा मानमरातबावर ठरवू नये. ज्यांत तिसऱ्या भागापेक्षा कमी उरले आहे आणि ज्यांचा मद्यार्क ४० टक्क्यांच्या आसपास आहे, त्या हलक्या व्हिस्की आधी घ्याव्यात, कारण त्यांच्याजवळ गमावण्यासारखे थोडेच असते आणि ते लवकर जाते. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतीच्या, धुरावर वाळवलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्की त्यानंतर. त्यांचा धूर वरवर दणकट वाटला, तरी उघड्या बाटलीत तो मवाळ होत जातो. कुणाला तो मवाळपणा आवडतो, मला आवडत नाही. ५५ टक्क्यांच्या पुढच्या बाटल्या सर्वांत शेवटी ठेवल्या तरी चालतात.

ज्यांची पाळी उशिरा येणार, त्यांच्यासाठी सर्वांत साधा उपाय म्हणजे १०० किंवा २०० मिलिलिटरच्या स्वच्छ, घट्ट झाकणाच्या काचेच्या कुप्या. द्रव त्यांत गळ्यापर्यंत भरावा आणि वर नाव व तारीख लिहावी. हवेला जागाच उरत नाही. नाव लिहिण्याचा आळस करू नये. माझ्याकडे तीन अनामिक कुप्या निघाल्या, आणि चौघा स्वयंघोषित जाणकारांनी त्यांविषयी बारा वेगवेगळी अनुमाने केली. काही जण बाटलीत धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणतात, काही जण आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू आत सोडतात. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. कुपी असो वा बाटली, ती उभी ठेवावी. वाइनची बाटली आडवी ठेवतात हे पाहून कित्येक जण व्हिस्कीही आडवी ठेवतात, परंतु इतक्या तीव्र मद्यार्कात सतत भिजलेले बूच झिजते आणि त्याची चव आत उतरते. उन्हाने रंग आणि गंध दोन्ही फिके पडतात, म्हणून बाटल्यांची आरास खिडकीत मांडू नये, हे सांगायची खरे तर गरज पडू नये. पण आपल्या लेखासोबतच्या छायाचित्रात त्या खिडकीतच मांडलेल्या होत्या.

नक्षीदार काचपात्रांबद्दलही एक सावधगिरी सांगायला हवी. जुनी, जड, झळाळणारी स्फटिकपात्रे पुष्कळदा शिशाच्या काचेची असतात आणि त्यांत साठवलेल्या मद्यात शिसे उतरते. संध्याकाळपुरते त्यातून वाढायला हरकत नाही, पण महिनोन्महिने साठवण्यासाठी ती वापरू नयेत.

उरलेसुरले एकाच बाटलीत ओतत राहण्याची एक पद्धत संग्राहकांत आहे. तिला ‘अनंत बाटली’ म्हणतात. कल्पना मोहक आहे, आणि मी तिच्या नादी लागून पाऊण बाटली वाया घालवली. सहा सौम्य व्हिस्कींच्या सुरेख मेळात मी एका धुरकट व्हिस्कीचे जेमतेम तीन चमचे ओतले, आणि सहाही जणींचे आवाज त्या धुरात बुडाले. तेव्हापासून ओतण्यापूर्वी पेल्यात दोन्हींचे १०-१० मिलिलिटर एकत्र करून चाखतो, धुरकट व्हिस्कींसाठी वेगळी बाटली ठेवतो, आणि व्हिस्की-रमचे लग्न लावायला जात नाही. तरीही माझे मत असे, की ही अनंत बाटली बहुधा संपवण्याचे काम पुढे ढकलण्याची एक प्रतिष्ठित सबब असते.

रमविषयी आपल्या लेखात दोनच ओळी आहेत, आणि तिला व्हिस्कीची धाकटी बहीण मानून मोडीत काढले आहे, त्याचे वाईट वाटले. संपवण्याच्या दृष्टीने रमच्या तऱ्हा व्हिस्कीपेक्षा अधिक आहेत. बहुतेक रम उसाच्या मळीपासून होते, पण मार्टिनिक बेटावरची रम ताज्या उसाच्या रसापासून करतात, आणि १९९६ पासून तिला तिच्या प्रदेशाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण आहे. तिचा हिरवा, गवताळ गंध उघड्या बाटलीत फार काळ तग धरत नाही, निदान माझ्याकडे धरला नाही. याच्या अगदी उलट जमैकाची रम. दीर्घकाळ आंबवून एस्टर नावाच्या सुगंधी द्रव्यांनी ती इतकी भरलेली असते, की अर्ध्या राहिलेल्या बाटलीतूनही खोलीभर पिकल्या फळांचा दरवळ सुटतो. चार वर्षे उघडी असलेली माझी एक बाटली शेवटच्या थेंबापर्यंत तशीच तडफदार निघाली. तिसरी तऱ्हा साखर घातलेल्या रमची. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रममध्ये लिटरला २० ग्रॅमपर्यंत साखर घालून तिची चव गोलावता येते. अशा बाटलीच्या तोंडाशी साखर वाळून बूच चिकटते, आणि जोर लावला की तुटते. कोमट पाण्यात भिजवलेले फडके बाटलीच्या गळ्याला थोडा वेळ गुंडाळून मग सावकाश फिरवावे.

नुसती पिण्याजोगी न उरलेली रम टाकून द्यावी असेही नाही. पाणी, लिंबू आणि साखर यांच्या संगतीत थकलेली रमही पुन्हा उभी राहते, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. ब्रिटिश आरमारातल्या खलाशांना रोज मिळणारी रम नुसती न देता पाणी मिसळून द्यावी, असा हुकूम ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी १७४० मध्ये काढला, आणि त्या मिश्रणाला ‘ग्रॉग’ हे नाव पडले. रोजच्या रमची ती प्रथा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली, तेव्हा आरमाराच्या गोदामात शिल्लक राहिलेली रम वेताच्या वेष्टनातल्या दगडी बुधल्यांत पडून होती. तिचा शेवटचा साठा २०१० मध्ये बाटल्यांत भरून विक्रीस आला. तेव्हा पुढे ढकलणे ही काही एकट्यादुकट्या संग्राहकाचीच खोड नाही. पण ते बुधले लाखबंद होते, हा फरक इथेही विसरता येत नाही.

काही बाटल्या मात्र मोरीतच ओताव्या लागतात. ४० टक्के मद्यार्कात जंतू वाढत नाहीत, त्यामुळे शिळ्या व्हिस्कीने सहसा पोट बिघडत नाही, पण चव मेली असेल तर ती केवळ किंमत आठवून पिण्यात अर्थ नाही. मी अशा चार बाटल्या ओतून दिल्या. पहिली ओतताना हात थरथरला, चौथीच्या वेळी नाही. मलई किंवा अंडे घातलेली मद्ये मात्र या हिशेबात धरू नयेत. ती खरोखरच नासतात आणि त्यांच्यावर छापलेली मुदत पाळावी.

न उघडलेल्या बाटल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्या विकाव्यात, वारसांसाठी ठेवाव्यात की उघडाव्यात, हे ज्याने त्याने ठरवावे. जपून ठेवण्याचा आपल्या लेखाचा सल्ला त्यांना लागू पडतो आणि त्याबाबत माझा काही वाद नाही. माझी विनंती एवढीच आहे, की त्या लेखात ‘जपून ठेवाव्यात’ या शब्दांआधी ‘न उघडलेल्या’ हे दोन शब्द घालून पुढील अंकात खुलासा करावा.

आजमितीस माझ्या कपाटात ५ उघड्या बाटल्या उरल्या आहेत. त्यांतली जमैकाची रम एका स्नेह्याने आधीच सांगून ठेवली आहे. उरलेल्या चारांपैकी दोन येत्या शनिवारी संपतील, आणि एकीचे बूच आत्ताच भुसभुशीत लागते आहे, म्हणून तिचा नंबर पहिला लावला आहे.

आपला,
एक जुना वाचक